तुळईतून पडलेला भंडारा

मी सलग नऊ दिवस किड्याची विष्ठा कपाळाला लावली. त्यातले चार दिवस ती जिभेवरही ठेवली. आणि हा उद्योग करणारा माणूस एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला होता. हे लिहिताना आजही हात थबकतो. पण आपणच आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर आमची मंडळी सांगतात. आणि त्या सांगतात तेव्हा चाराचे नऊ दिवस होतात.

अणदूरला हायवेपासून थोडं आत माझं घर आहे. स्लॅबचं, चार खोल्यांचं. मधल्या खोलीत मला तुळई हवी होती. स्लॅबला तुळईची गरज नसते, जशी निवृत्त मास्तराला घड्याळाची नसते. पण दोन्ही असलं की बरं वाटतं. तुळईला झोका बांधायचा, झोक्यावर बसून पेपर वाचायचा, एवढीच हौस. शेजारच्या गावात कुणी तरी जुनं घर पाडत होतं. तिथून मी एक काळीभोर, वजनदार, टोकांना नक्षी असलेली तुळई उचलून आणली आणि गावभर सांगत सुटलो, शंभर वर्षांचं सागवान मिळालं म्हणून.

गावातला सुतार माझाच विद्यार्थी. आता चाळिशी उलटलेला, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्याला तुळई दाखवली. त्यानं बोटांच्या पेरांनी ती टकटक वाजवली, कान जवळ नेला, परत वाजवली.

"गुरुजी, हे सागवान न्हाय. आंबा हाय. आन ही भोकं बगा."

भोकं होती. टाचणीच्या डोक्याएवढी, गोल, पंधरा-वीस तरी.

"अरे, जुन्या लाकडाला भोकं असायचीच. म्हाताऱ्या माणसाला सुरकुत्या नसतात का?"

"सुरकुत्यातनं पीठ न्हाय गळत, गुरुजी."

यावर मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. "सातवीत विज्ञानात किती पडले होते रे तुला?"

त्यानं पेन्सिल कानामागं सारली आणि निघून गेला. या एका वाक्यानं मी आयुष्यात पुष्कळ वाद जिंकले आहेत. त्यातले बहुतेक हरलो असतो तर गावाचं भलं झालं असतं.

मग गवंड्याकडून तुळई बसवून घेतली. भोकं मी स्वतः पुटीनं बुजवली, वरून वॉर्निशचे दोन हात दिले, दोन लोखंडी कड्या ठोकल्या. तुळई अशी दिसायला लागली की येणारा-जाणारा मान वर करायचा. उरलेल्या तुकड्याचे तुळजापूरच्या एका कारागिराकडून दोन पाट करून घेतले आणि पुढच्याच वर्षी लेकीच्या लग्नात रुखवतात मांडले. हे पाट लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

गेल्या हिवाळ्यात लेक बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरायच्या आधीच सोलापूरला न्यावं लागलं. नात झाली, पण वजनाला एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी काचेबाहेर उभा राहून तिच्या छातीचं वरखाली होणं मोजत राहायचो. एकतीस वर्षं पोरांना श्वसनसंस्था शिकवली, पण श्वास या गोष्टीची भीती मला तिथं पहिल्यांदा वाटली. त्या काचेपाशी मी खंडोबाला नवस बोललो. कुणाला सांगितलं नाही. विज्ञानाचा मास्तर नवस बोलला हे मंडळींना कळलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.

नात तगली. वीसेक दिवसांनी घरी आणली. बारसं लांबलेलं होतं आणि बारशाआधी पोराला पाळण्यात घालत नाहीत, पण झोळी चालते म्हणे. म्हणून मंडळींच्या मऊ साडीची झोळी करून ती तुळईच्या कड्यांना बांधली. बाळंतिणीची खोली म्हणजे दारं-खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, ओव्याची धुरी. पांढरा उजेड बाळाच्या डोळ्यांना बरा नाही म्हणून मी पिवळा बल्ब लावला. ही सगळी तयारी मी नातीसाठी केली होती. आणखी कुणाकुणाला ती मानवली, ते पुढं कळलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मंडळींनी हाक मारली. "अहो, इकडं या जरा. पोरीच्या कपाळाला काय लागलंय बगा."

मी वाकलो. नातीच्या दोन्ही भुवयांच्या मधोमध, अगदी नेमक्या जागी, बारीक पिवळी चिमूटभर पूड. 

"भंडारा," मी कसाबसा म्हणालो.

"कुणी लावला?"

"कुणीच नाही. तेच तर!"

आमचा खंडोबा वर्षातले दहाएक महिने अणदूरला आणि उरलेले नळदुर्गला असतो. पालखीतून जातो, पालखीतून येतो; दोन्ही गावांचा तसा जुना करार आहे. त्या वेळी देव नळदुर्गला होता.

"देव गावात न्हाय," मंडळी म्हणाल्या, "आन भंडारा तेवढा तुमच्या घरात पडतुय व्हय?"

"जाता जाता ठेवून गेला असेल."

"सामान ठिवल्यागत?"

नवसाचं मला सांगता येईना. आतून मात्र भडभडून आलं होतं. पण मी शेवटी विज्ञानाचा माणूस, नुसत्या श्रद्धेवर कसा थांबणार? प्रयोग केला. झोळी हलवली: पूड पडली. थांबवली: थांबली. मग नातीला आईजवळ देऊन रिकामी झोळी हलवली: काहीच पडलं नाही. पुन्हा नातीला घातलं, हलवली: पडली! तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. निष्कर्ष उघड होता. पोर झोळीत असेल तरच देव प्रसन्न होतो. वहीत निरीक्षण, अनुमान, सगळं लिहून काढलं. ती वही अजून आहे. मंडळींनी जपून ठेवली आहे, माझ्यासाठी नव्हे, पाहुण्यांसाठी.

त्या दिवसापासून मी आंघोळ करून कड्यांखाली वाटी धरायचो. पूड कपाळाला लावायचो. सहाव्या दिवसापासून जिभेवर ठेवायला लागलो. चव विचाराल तर काहीच नव्हती, आणि मी त्यालाही सात्त्विक म्हणालो. शेजारच्या दोघीतिघी दर्शनाला येऊन गेल्या. वाटीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले. कळंबच्या विहीणबाई मला, म्हणजे व्याह्याला, इवाई म्हणतात; त्यांचा तेवढा वेगळा मेसेज आला: 'इवाई, काळ्या कागदावर घेऊन उन्हात बघा जरा.'

मला राग आला. श्रद्धेच्या जागी काळा कागद? मीही नुसते जोडलेले हात पाठवून दिले.

या विहीणबाई म्हणजे कळंबच्या धान्याच्या आडतीवरचं घर. बाईंनी उभी हयात डाळी पाखडण्यात घातलेली. बोलतात गोड, पण बोलता बोलता नजर समोरच्याला चाळून घेते. खडा असला तर वर राहतोच.

दहाव्या दिवशी बारसं होतं. सकाळीच झोळी सोडून मी तुळईच्या कड्यांना पाळणा टांगला. शिसवी, जड, चार बाजूंना पितळी घुंगरं. दुपारी कळंबची मंडळी जीप करून आली. सुतारही घुगऱ्या खायला म्हणून येऊन ओट्यावर बसला होता. आत बायकांची गर्दी. आमच्याकडं पोराच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला टोपडं घालायचं, काजळ-कुंकू लावायचं, पाळण्याखालून-वरून फिरवायचा, मग निजवून झोका द्यायचा. आणि त्याच्या मागून बाळ. लेक नातीला घेऊन पाळण्यापाशीच उभी होती. वरवंटा निजवला. झोका दिला.

वरून पूड आली. चिमूट नव्हे, मूठभर. टोपडं पिवळं झालं.

"बघा!" मी हात जोडले. "आज तर भरभरून!"

विहीणबाई पुढं आल्या. तळव्यावर थोडी पूड घेतली आणि दाराशी, उन्हात गेल्या. मागोमाग आम्ही सगळे. उन्हात ती पूड पिवळी नव्हतीच. मातकट पांढरी, शिळ्या पिठासारखी. पिवळा होता तो माझा बल्ब. बाईंनी ती चिमटीत चोळली, हुंगली आणि बोट माझ्यासमोर धरलं.

"इवाई, भंडारा हळदीचा असतो. बोटाला रंग धरतो. हे बोट बघा. हाय का रंग?"

बोट कोरं होतं.

"असलं पीठ मी चवळीच्या पोत्याखालनं झाडते. हे किडीचं काम हाय." आणि आत वळून त्या लेकीला म्हणाल्या, "पोरीला पाळण्यात घालू नगंस. मागं सर आधी."

लेक तीन पावलं मागं सरली.

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. पण भर बारशात, वीस-पंचवीस बायकांसमोर, माझ्या देवावर आणि माझ्या सागवानावर एकदम शंका! मी आत गेलो. "किडकं म्हणता? हे बघा, चार माणसं लोंबकळली तरी..." असं म्हणत दोन्ही हातांनी पाळण्याच्या साखळ्या धरल्या आणि पाय उचलले.

लाकूड मोडताना आवाज होतो अशी माझी समजूत होती. कडकड, करकर, काही तरी. काहीच झालं नाही. फस्स असं झालं, जुनी उशी फाटावी तसं. कड्या गाजरं उपटल्यासारख्या निघून आल्या, तुळईचा हातभर तुकडा त्यांच्यासोबत आला, पाळणा फरशीवर आदळला आणि मी त्याच्या बाजूला. वरून पिठाचा लोट. मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा.

वरवंटा पाळण्यातून उडून जमिनीवर पडला. फरशीला तडा गेला. मग तो हळूहळू गडगडत लेकीच्या पायापाशी जाऊन थांबला. टोपडं अजून त्याच्या डोक्यावर होतं. काजळही.

घुंगरं तेवढी जरा वेळ वाजत राहिली. आम्ही सगळे त्या टोपडं घातलेल्या दगडाकडं बघत होतो, आणि प्रत्येकाच्या मनात एकच होतं. एक मिनिट. बाईंनी पूड उन्हात नेली नसती, तर दगडामागून मिनिटाभरात पोर होती. आणि त्याआधी नऊ दिवस ती त्याच कड्यांना टांगलेली होती. मी स्वतः हलवत होतो. प्रयोग म्हणून.

मी उठलो. नातीला बघावं म्हणून लेकीकडं हात केले.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही हिला हात लावू नका."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

ओट्यावरून सुतार आत आला. त्यानं घुगऱ्यांची वाटी खिडकीत ठेवली, खाली बसला आणि तुळईचा तुकडा भाकरी मोडावी तसा हातानं मोडला. बाहेरून माझं वॉर्निश चकाकत होतं. आत नुसतं पीठ, बोगदेच बोगदे. त्यानं एका बोगद्यातून तांदळाच्या दाण्याएवढी, वाकडी, पांढरी अळी काढून माझ्या तळव्यावर ठेवली. ती हलली.

"गुरुजी, अंडी, अळी, कोष, भुंगा. तुमीच शिकवलेलं. मला पाठ व्हत नव्हतं तवा. लाकडात बगितलं आन पाठ झालं."

तो पुढं सांगत होता, अगदी हळू, पूर्वी मी त्याला सांगायचो त्या सुरात. भुंगा लाकडाच्या बारीक चिरेत अंडी घालतो. अळी आतल्या आत खात राहते, वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षं. बाहेर काही दिसत नाही. भोक पडतं ते भुंगा बाहेर निघताना.

"भोक दिसलं म्हंजी किडा यायला लागलाय असं न्हाय, गुरुजी. किडा जेवून-खाऊन उठून गेलाय. आन पोरंबाळं आत ठिवून गेलाय."

ती भोकं मी पुटीनं बुजवली होती. पुटीच्या शेजारी नवी भोकं पडलेली होती, कडा ताज्या, पांढऱ्या. मी खालून रोज त्यांच्याकडंच हात जोडून बघत होतो.

"मग पोर झोळीत असली की पडायचं, नसली की नाही पडायचं, ते का?"

"रिकाम्या झोळीला वजन कुठलं? पोरीच्या वजनानं कडी हलायची, भोकातलं पीठ गळायचं. त्यात तुमी शेगडी ठिवली. आतल्यास्नी ऊब मिळाली, जोरात लागली खायला."

"वाळवी नाही ना पण?" मी विचारलं. बुडत्यालाही काही तरी विचारावंसं वाटतं.

"वाळवी मातीची नळी करत येती, भिंतीवर दिसती तरी. ह्यो गपचिप खातो. ह्याची खूण एकच, पीठ." तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "आन ते पीठ म्हंजी... लाकूड खाऊन मागनं टाकलेलं असतं, गुरुजी."

मंडळींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. "यांनी चाटलंय ते!" त्या म्हणाल्या आणि तशाच भिंतीला टेकून खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाही सांगता आलं नसतं. बायकांतून कुठून तरी फिस्कन आवाज आला. ज्या दोघीतिघी दर्शनाला आल्या होत्या, त्या मात्र पदरानं कपाळ खसाखसा पुसत होत्या.

सुतारानं मग घरातलं एकेक लाकूड वाजवलं. चौकटी, कपाट, देव्हारा, खुंट्यासुद्धा. मी मागं मागं वही घेऊन फिरलो, त्यानं सांगितलं ते लिहून घेतलं. भरीव लाकूड कसं बोलतं, पोकळ कसं बोलतं. खाली काळा कागद अंथरून आठ दिवस ठेवायचा. जुन्या भोकांना खडूची खूण करायची, बिनखुणेचं दिसलं की किडा जिता आहे समजायचं. विहीणबाईंनी काळ्या कागदाचं ऐकताच माझ्याकडं नुसतं बघितलं.

शेवटी सुतारानं विचारलं, "तुळईचा उरलेला तुकडा कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "दोन पाट. आमच्या देवघरात. रुखवतातले."

मी तिथंच, तडा गेलेल्या फरशीवर, बसकण मारली. कळंबचं ते घर डोळ्यांसमोर आलं. खाली धान्याचं कोठार, वर लाकडी माडी, आणि मधोमध माझी भेट. थोड्याच दिवसांत लेक आणि नात त्याच माडीवर राहायला जाणार होत्या.

"उठा इवाई," बाई म्हणाल्या. "बारसं व्हायचंय अजून." त्यांनी सतरंजीवर बसकण घातली, नातीला मांडीवर घेतलं आणि मांडीचाच पाळणा करून नाव ठेवलं. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. आत जायचं धाडस झालं नाही. घुगऱ्या वाटायचं काम माझ्याकडं आलं, कारण बाकी कशाला मला कुणी हात लावू देईना.

तुळई सुतारानं त्याच दिवशी उतरवली आणि परसात जाळली. धूर साधा होता, लाकडासारखाच. मला उगीच वाटलं होतं काही वेगळा असेल.

दोन दिवसांनी कळंबहून फोन आला. "इवाई, एका पाटाखाली भंडारा पडलेला व्हता. बंबात घातला. घरातली बाकी लाकडं वाजवून बगितली, भरीव हाईत. दुसरा पाटही चांगला हाय, पण ठिवलाय परसात, लांब. तुमी आलात की तुमाला बसायला."

लेक माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. नातीचे कपडे मी वाळत घालायचो, दुपटी घड्या करायचो; तिच्याकडं बघायचो ते दारातून. नवस बोललो होतो, तो फेडायला एके दिवशी नळदुर्गला गेलो. देवापुढं पुजाऱ्यानं कपाळावर भंडारा लावला, थोडा हातावर दिला. बाहेर उन्हात येऊन मी आधी बोट बघितलं. पिवळंधमक. दोनदा साबणानं धुतलं तरी नखाच्या कडेला राहिलंच. देवानं त्या दिवशी मला माफ केलं की नाही ठाऊक नाही. पण भंडारा कशाला म्हणतात ते दाखवलं.

घरी येऊन मी मंडळींना आणि लेकीला नवसाचं सांगून टाकलं. काचेची पेटी, छाती मोजणं, सगळं. मंडळी एकदाही हसल्या नाहीत. लेक उठून आत गेली.

कळंबला जायच्या दिवशी जीप दारात आली. सामान चढवलं. लेक नातीला घेऊन माझ्यापुढं येऊन उभी राहिली. माझ्या नखाची पिवळी कडा तिनं बघितली. मग मधलं बोट वाकवून माझ्या कपाळावर टकटक केलं, सुतार करतो तसं, आणि कान जवळ आणून ऐकल्यासारखं केलं.

"पोकळ आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणालो.

"पण खाली बसून घ्या."

मी ओट्यावर बसलो. पाठ भिंतीला टेकवली, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले, आणि तिनं नातीला माझ्या मांडीवर ठेवलं.